खाडा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



दत्तजयंतीच्या अंकासाठी काहीतरी लिहा, असा मंडळाचा दोन वर्षांपासून आग्रह आहे. मी म्हणायचो, मी कीर्तनकार नाही, अभ्यासक तर नाहीच. बी.कॉम. झालेला, छत्तीस वर्षं बँकेच्या काउंटरवर नोटा मोजलेला माणूस. मी काय लिहिणार? यंदा मंडळी म्हणाली, अनुभवाचं लिहा. म्हणून लिहितो. ज्या प्रश्नाने मला एकदा सहा महिने झोप लागू दिली नाही, तोच प्रश्न आपल्यापुढे मांडतो.

प्रश्न असा. संसारी माणसाने, अंगावर जबाबदाऱ्या असताना, केवळ आपल्या प्रकृतीसाठी काम थांबवावं का? की तो कर्तव्यातून काढलेला पळ ठरतो?

तेव्हा मी तालुक्याच्या शाखेत कॅशियर होतो. 8 नोव्हेंबर 2016 ची रात्र सगळ्यांच्या लक्षात असेल. पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या. 10 तारखेला बँक उघडली, तेव्हा सकाळी सातलाच रांग रस्त्यापर्यंत गेली होती. शनिवार-रविवारीही काउंटर चालू. म्हातारी माणसं, लुगड्याच्या गाठीत चार नोटा बांधून आणलेल्या आयाबाया, लग्नघरची मंडळी. 30 डिसेंबरपर्यंत जेवणाची वेळ अशी राहिलीच नाही. रात्री हिशेब जुळेपर्यंत दहा वाजायचे. तेव्हा मी सत्तावन्न वर्षांचा होतो. रक्तदाब होता, साखर होती, गोळ्या खिशात होत्या. पण घ्यायची आठवण राहत नव्हती.

जानेवारीच्या शेवटी एक दिवस नोटांचं बंडल मोजता मोजता आकडा विसरलो. पुन्हा मोजलं, पुन्हा विसरलो. समोरचा माणूस दोन दिसायला लागला. शिपायाने धरून बसवलं. अंबाजोगाईला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सगळे कागद बघितले आणि म्हणाले, "काका, या वेळी थोडक्यात निभावलं. आता निदान सहा महिने काउंटरवर बसायचं नाही."

मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, निवृत्तीला अडीच वर्षं राहिलीत. मुलीचं लग्न व्हायचंय, मुलगा शिकतोय. आत्ता कसं?"

ते म्हणाले, "अडीच वर्षं राहिलीत म्हणूनच सांगतोय."

रजेचा अर्ज आठ दिवस खिशात घेऊन फिरलो. पैशाची काळजी होतीच, कारण आजारपणाची रजा अर्ध्या पगारावर असते. पण खरी अडचण वेगळी होती. माझे वडील शाळामास्तर. ताप असतानाही पावसात तीन मैल चालत शाळेत जायचे, आणि ही गोष्ट आमच्या घरात अभिमानाने सांगितली जायची. "खाडा नाही केला कधी," हे त्यांच्याबद्दलचं शेवटचं वाक्य होतं, दहाव्याच्या दिवशीसुद्धा. अशा माणसाचा मुलगा सहा महिने घरी बसणार? लोक काय म्हणतील? आणि शाखेतली मंडळी? माझं काम त्यांच्यावरच पडणार होतं.

त्या आठ दिवसांत आमच्या एका सहकाऱ्याची आठवण सारखी येत होती. सज्जन माणूस. वर्षानुवर्षं रजा घेतली नाही. निवृत्तीला चौदा महिने असताना रात्री झोपेतच गेले. त्यांच्या नावावर 240 दिवसांची रजा शिल्लक होती. त्या रजेच्या पैशांची कागदपत्रं मीच वहिनींकडून सह्या करून घेतली होती. सही करताना त्यांनी विचारलं, "म्हणजे एवढे दिवस त्यांचे बाकी होते?" मी "हो" म्हणालो. त्या पुढे काही बोलल्या नाहीत. मलाही काही बोलता आलं नाही.

शेवटी अर्ज दिला.

पहिला महिना फार वाईट गेला. सकाळी दहाला आपोआप कपडे करून बसायचो. दोनदा तर काहीतरी निमित्त काढून शाखेत जाऊन आलो. माझ्या खुर्चीवर नवा मुलगा बसला होता आणि रांग व्यवस्थित पुढे सरकत होती. खरं सांगतो, त्याचं मला वाईट वाटलं. आपल्यावाचून अडत नाही, हे ऐकायला बरं असतं. बघायला बरं नसतं.

घरी बसल्या बसल्या गीता वाचायला घेतली. लहानपणी पाठ केलेले अध्याय होते, अर्थ कधी नीट बघितला नव्हता. आणि अठराव्या अध्यायात पायच अडकला. तिथे भगवंतांनी त्यागाचे तीन प्रकार सांगितलेत. त्यात म्हटलंय की, शरीराला कष्ट होतील या भीतीने जो कर्म सोडतो, त्याचा त्याग राजस, आणि त्याला त्यागाचं फळ मिळत नाही. वाचलं आणि पोथी मिटून ठेवली. वाटलं, हे तर माझंच वर्णन आहे. दोन रात्री झोप नाही.

आमच्या गावात एक वयोवृद्ध शास्त्रीबुवा होते, आता ते नाहीत. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एक पान मागे जा की. सतरावा वाचलास का?" सतराव्यात उलटी गोष्ट आहे. दंभाने, अहंकाराने जे आपल्या शरीरातल्या भूतसमुदायाला पिळून काढतात, शरीरात राहणाऱ्या ईश्वरालाही त्रास देतात, त्यांचा निश्चय आसुरी म्हटला आहे. आणि सहाव्यात सांगितलंय की अति खाणाऱ्याला आणि अजिबात न खाणाऱ्याला, अति झोपणाऱ्याला आणि सतत जागणाऱ्याला योग साधत नाही. शास्त्रीबुवा म्हणाले, "तू भीतीने सोडलंस की हिशेबाने थांबलास, ते तुझं तू बघ. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं."

हिशेब हा शब्द त्यांनी काढला आणि मला एकनाथमहाराजांची गोष्ट आठवली. आपल्या सगळ्यांना ती माहीत आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे किल्ल्याचा कारभार होता आणि नाथ त्यांच्याकडे हिशेब लिहीत. एका रात्री हिशेबात एका पैची चूक राहिली. रात्रभर दिवा लावून नाथ शोधत बसले आणि पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामी मागे उभे होते. ते म्हणाले, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, मग संसारातली मोठी चूक सापडली तर केवढा होईल?

बँकेतला माणूस ही गोष्ट जरा वेगळी ऐकतो. हिशेबात फरक आला आणि तो त्या दिवशी सापडला नाही, तर आमच्याकडे ती रक्कम 'सस्पेन्स' खात्यात टाकतात. म्हणजे आज पुस्तक जुळलं असं दाखवायचं, चूक पुढे कधीतरी शोधायची. एखादी नोंद तिथे वर्षानुवर्षं पडून राहते आणि तपासणीच्या वेळी उभी राहते. मी चौतीस वर्षं स्वतःचं हेच केलं होतं. छातीत कळ आली, टाक सस्पेन्सला. आई काही सांगायला आली, मार्चअखेर आहे, टाक सस्पेन्सला. मुलाच्या शाळेत बोलावलंय, नंतर बघू. रोज संध्याकाळी पुस्तक जुळत होतं, पण शिल्लक खरी नव्हती.

त्या सहा महिन्यांत एकेक नोंद बाहेर काढून बघितली. माझी आई तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांची. मी घरी असल्याचं तिला आठवडाभर पटेना. रोज विचारायची, "आज बी गेला न्हाईस?" मग हळूहळू बोलायला लागली. 1972 च्या दुष्काळात तिने खडी फोडली होती, हे मला सत्तावन्नाव्या वर्षी कळलं. तिला दुपारी भाकरी चावत नाही, म्हणून ती ताकात कुस्करून खाते, हेही तेव्हाच कळलं. माझ्याच घरात घडत होतं. पुढे दीड वर्षाने ती गेली. तो उन्हाळा मिळाला नसता तर माझ्याजवळ तिचं काय राहिलं असतं?

आता अवधूताकडे येतो. दत्तसंप्रदायातली चोवीस गुरूंची कथा भागवताच्या अकराव्या स्कंधातली. नाथमहाराजांनी त्याच स्कंधावर एकनाथी भागवत लिहिलं, काशीत 1573 साली पूर्ण केलं. पृथ्वी, वायू, कबुतर, अजगर, मधमाशी असे चोवीस गुरू सांगून झाल्यावर अवधूत यदुराजाला आणखी एक गुरू सांगतो. तो म्हणजे स्वतःचा देह. आपण चोवीस मोजतो आणि हा पंचविसावा विसरतो. हा देह शेवटी परक्याचा आहे, माझा नाही, हे देहानेच मला शिकवलं, असं अवधूताचं म्हणणं. त्यांचा अर्थ वैराग्याचा आहे, आणि तो मोठा आहे. मी कारकून माणूस, मला त्यातून कारकुनी अर्थ सुचला. परक्याची वस्तू म्हणजे ठेव. स्वतःचा पैसा माणूस कसाही उधळतो, पण लोकांच्या ठेवीची एक नोट इकडची तिकडे होऊ देत नाही. देह माझा नाही म्हणून त्याची हेळसांड करावी, असा अर्थ निघत नाही. देह माझा नाही, म्हणूनच त्याचा हिशेब द्यावा लागेल.

आपल्या भागातल्या थोरांकडे बघितलं तरी थांबण्याच्या तीन तऱ्हा दिसतात.

एक दासोपंतांची. सारा थकला म्हणून कोवळ्या वयात बिदरच्या दरबारात ओलीस राहिले, सुटून आले, पण वतनात मन रमलं नाही. घर सोडलं, माहूरला बारा वर्षं तप केलं आणि पुढे आपल्या अंबाजोगाईला येऊन राहिले, असं परंपरा सांगते. 1615 मध्ये त्यांनी तिथेच देह ठेवला. त्यांची पासोडी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. एवढ्या लांबलचक कापडावर त्यांनी विषय कोणता लिहिला, तर पंचीकरण. पाच महाभूतांपासून हा देह कसा झाला, ते. पण सगळं सोडून बारा वर्षं जाणं आपल्यासारख्यांना जमणारं नाही, आणि जमलं असं दाखवूही नये.

दुसरी तऱ्हा स्वामी रामानंद तीर्थांची. मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर, जन्म 1903 चा. तरुणपणी कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर काम करत होते. तिथे प्रकृती इतकी ढासळली की ते काम सोडावं लागलं. मग ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले, संन्यास घेतला, आणि 1935 मध्ये अंबाजोगाईला आले. पुढचं आपल्याला ठाऊक आहे. हैदराबादच्या मुक्तिलढ्याचं नेतृत्व याच माणसाने केलं. शरीराने एक वाट बंद केली, तेव्हा दुसरी सापडली. अंबाजोगाईच्या ज्या वैद्यकीय महाविद्यालयात आपण पेशंट घेऊन जातो, त्याला त्यांचंच नाव आहे.

तिसरी जनार्दनस्वामींची, आणि संसारी माणसाला तीच जवळची. त्यांनी किल्ला सोडला नाही. चाकरी सोडली नाही. पण गुरुवार दत्ताचा ठेवला. त्या दिवशी गडाचा कारभार बंद असे, असं सांगतात. परक्या सत्तेच्या चाकरीत राहून आठवड्यातला एक दिवस आपला करून घेणं ही लहान गोष्ट नाही. मला वाटतं, आपण ज्याला सहा महिन्यांची रजा म्हणतो, ती बहुतेक वेळा न पाळलेल्या गुरुवारांची थकबाकी असते. व्याजासकट एकदम भरावी लागते.

इथपर्यंत मी स्वतःशी समाधानी झालो होतो. थांबलो ते बरोबर केलं, शास्त्रातही आधार आहे, असं मनाशी ठरवलं होतं. पण मे महिन्यात एक गोष्ट घडली.

तपासणीसाठी अंबाजोगाईला गेलो होतो. बाकावर शेजारी एक बाई बसल्या होत्या. पस्तिशीच्या असतील, दिसत होत्या पन्नाशीच्या. बोलता बोलता कळलं, ऊसतोडीला जातात. नुकत्याच कारखान्यावरून परतल्या होत्या. पोटात सारखं दुखत होतं.

मी म्हणालो, "बाई, दुखायला लागलं तेव्हाच का नाही दाखवलं?"

"दिवाळीपासून दुखायलंय, दादा. पण तिकडं खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक जण बसलं की कोयताच बसला. उचल कशी फिटायची?"

थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "तुमी काय करता?"

मी म्हणालो, बँकेत आहे, तब्येतीमुळे सहा महिने घरी आहे.

"मग पगार?"

"अर्धा मिळतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, हेव्यानेही नाही. नुसतं नवल. "बसून?" म्हणाल्या. "चांगलं हाय की."

मला वर बघवेना. माझ्या वडिलांचा 'खाडा नाही' हा अभिमान होता. या बाईचा 'खाडा नाही' हा नाइलाज होता. शब्द तोच. पुढे 2019 मध्ये सरकारने नेमलेल्या समितीमार्फत आमच्या बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या 13 हजारांहून अधिक जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या निघाल्या. कारणं अनेक सांगितली गेली. त्यात एक कारण खाड्याचंही होतं. तो आकडा पेपरात वाचला तेव्हा मला त्या बाकावरच्या बाई आठवल्या. त्यांचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

तेव्हापासून माझा प्रश्न बदलला. मी थांबावं का, याचं उत्तर मला मिळालं होतं. पण माझं थांबणं कोणाच्या जिवावर? माझ्या सहा महिन्यांचं ओझं शाखेतल्या दोन मुलांनी उचललं होतं. माझं पथ्यपाणी सौभाग्यवतीने केलं होतं, आणि तिला लग्नानंतरच्या बत्तीस वर्षांत एकही रजा मिळाली नव्हती, अर्ध्या पगाराची नाही आणि बिनपगारी नाही. हिशेबाचा पहिला नियम आम्हाला शिकवला होता की कुठे जमा झाली तर कुठेतरी नावे पडतेच. मी माझ्या खात्यावरची जमाच बघत बसलो होतो.

भीतीने सोडणं आणि हिशेबाने थांबणं यातला जो फरक शास्त्रीबुवांनी मला शोधायला सांगितला होता, तो मला असा सापडला. भीतीने सोडणारा फक्त स्वतःचा देह बघतो. हिशेबाने थांबणाऱ्याला थांबल्यावर दुसऱ्याचा देह दिसायला लागतो. माझ्या बाबतीत हे डॉक्टरांच्या गोळ्यांनी झालं नाही, गीतेच्या वाचनानेही पुरतं झालं नाही. त्या बाईच्या एका शब्दाने झालं. अवधूताने चोवीस गुरू रस्त्यावरच केले होते. मला एक दवाखान्याच्या बाकावर भेटला.

ऑगस्टमध्ये कामावर रुजू झालो. मोठे बदल काही केले नाहीत, खोटं कशाला सांगू? दोन वर्षं काम केलं, पण वेळेवर घरी आलो. त्या दोन मुलांपैकी एकाच्या बायकोचं बाळंतपण होतं, तेव्हा त्याला मी स्वतः सांगितलं, "जा, तुझं काउंटर मी बघतो." घरी धुणंभांडी करणाऱ्या मावशींना महिन्यात चार सुट्ट्या ठरवून दिल्या, पैसे न कापता. आजारपणाच्या वेगळ्या. पहिल्या महिन्यात त्या सुट्टीच्या दिवशीही आल्या. त्यांना वाटलं, काम काढून घेतात की काय. सौभाग्यवतीला वर्षातून पंधरा दिवस तिच्या बहिणीकडे पाठवतो. त्या पंधरा दिवसांत वरणाला फोडणी मी देतो. कशी होते ते विचारू नका.

भक्तहो, दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेला येते. आपण देवळात पाळणा म्हणतो, सुंठवडा वाटतो. नेमक्या त्याच दिवसांत आपल्या जिल्ह्यातली निम्मी गावं रिकामी असतात. घरात म्हातारीकोतारी आणि शाळेसाठी मागे ठेवलेली लेकरं. बाकीचे पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उसाच्या फडात. त्यांना पौर्णिमा नाही आणि गुरुवार नाही. त्यांचा खाडा आपण एकट्याने बंद करू शकणार नाही, हे मी जाणतो. पण आपल्या घरात, दुकानात, शेतावर, कुणाचा खाडा आपण धरतो, एवढं तरी बघता येईल. सालगड्याचा, मोलकरणीचा, सुनेचा.

आणि ज्यांना थांबणं शक्य आहे, त्यांनी वेळेत थांबावं. वडीलमाणसांना माझं हात जोडून सांगणं आहे, मुलगा किंवा सून तब्येतीसाठी काही महिने घरी बसते म्हणाली, तर लगेच "लोक काय म्हणतील" म्हणू नका. मला तसं कोणी म्हटलं असतं तर मी अर्ज फाडून टाकला असता, आणि आज वहिनींसारखीच कुणीतरी माझ्याही शिल्लक दिवसांची सही केली असती.

यंदा देवळात आलात की प्रसाद घेताना एक द्रोण जास्त मागून घ्या. शेजारच्या रिकाम्या घरातल्या म्हातारीला नेऊन द्या, आणि पाच मिनिटं तिच्याजवळ बसा.

॥ अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त ॥